निवेदन परत पाठवतो आहे

पोरांनो,

तुमचे निवेदन परत पाठवतो आहे. सोबतच्या चिठ्ठीत माझी सही आणि आशीर्वाद मागितला होता. आज दोन्ही मिळणार नाहीत. दहावीला तुमच्या वह्या तपासायचो तसेच हे लाल शाईने तपासले आहे. समासात मावले नाही ते या पत्रात लिहितो. बसून वाचा, फोनवर वरवर चाळू नका.

बारा पाने आणि मागणी एकच, की संसदेने राष्ट्रीय हवामान कायदा करावा. मागणी रास्त आहे. ३० जून २००८ रोजी केंद्राने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्यात आठ मोहिमा आखल्या. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. तरीही हे सगळे एका दोरीत बांधणारा कायदा देशात नाही. हे तुम्ही नीट लिहिले आहे, तारखा आणि आकडे तपासून लिहिले आहे. अभ्यासाचे गुण मी कापत नाही.

पण निवेदन इंग्रजीत आहे. राहता चंद्रपुरात, सह्या मागणार चंद्रपुरात, आणि कागद असा की वीज केंद्राच्या गेटवरच्या माणसाला तो वाचताच येऊ नये. मी मोजले. कोळशाचा उल्लेख एकतीस वेळा आहे. कामगाराचा एकदाही नाही. बारा पानांत एकदाही नाही! तुम्ही कुठल्या घरांतून आलात हे मला ठाऊक आहे, म्हणून ही चूक मी साधी समजत नाही. तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांची चूल वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, नाहीतर वीज केंद्राच्या पगारावर पेटत होती. तुमची शाळेची फी, सायकल, पुढे नागपूरच्या कॉलेजचे वसतिगृह हे सगळे त्याच कोळशातून आले. त्यावर आज एक ओळ लिहायची तर ती आधी त्या घरांबद्दल असायला हवी होती.

तुमच्यातला एक जण निवेदन द्यायला आला तेव्हा ओट्यावर बसून म्हणाला, "सर, लोकांना कळतच नाही. आधी जागृती करावी लागेल." त्याचे नाव लिहीत नाही, त्याला ठाऊक आहे. त्या वाक्यावर मी तेव्हा गप्प बसलो, कारण घरात पाहुणे होते. आता बोलतो.

कोणाला कळत नाही? मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो, तेव्हा डांबराच्या कामावर कोण असते? वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख कोण झटकते? पावसाने पंधरा दिवस दडी मारली की धानाच्या बांधीत उभे राहून आभाळाकडे कोण पाहते? ही माणसे हवामान बदल अंगावर घेऊन जगतात. त्यांना ठाऊक नाही ते वेगळेच आहे. तुमचा कायदा आला तर त्यांच्या घरातून काय जाईल आणि घरात काय येईल, हे त्यांना ठाऊक नाही. ते तुम्ही सांगितले नाही. सांगणार कसे? तुम्ही त्यांना विचारलेलेच नाही.

जागृती हा शब्द तुम्ही फार सैल वापरता. जागृती म्हणजे माझ्याजवळ आहे ते तुझ्याजवळ नाही, घे. पाठिंबा मागताना हात उलटा धरावा लागतो. तुझ्याजवळ आहे ते मला हवे आहे, तुझे मत, तुझी सही, तुझे दोन तास. आणि हे मागणारा माणूस समोरच्याचे आधी ऐकून घेतो. तुम्ही चार वर्षांत किती कार्यशाळा घेतल्यात? आणि ऊर्जानगरला वीज केंद्राच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर किती वेळा बसलात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे, कारण मी रोज तिथून जातो.

आता एक गोष्ट सांगतो. तुमच्या बारा पानांत ती यायला हवी होती, आली नाही.

१ जुलै २०१० पासून या देशात कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर सुरू झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारायचा हा हेतू. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. म्हणजे तुम्ही ज्याला कार्बन कर म्हणता आणि परदेशातल्या पुस्तकांत शोधता, तो तुमच्या गावातून निघणाऱ्या प्रत्येक टनावर सात वर्षे लागत होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यातले जेमतेम ३० हजार कोटी त्या निधीत पोचले, आणि प्रकल्पांसाठी प्रत्यक्ष दिले गेले ते १६ हजार कोटींच्या आसपास. मग १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि कोळशाचा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही संपला. त्याच्या जागी कोळशावरचा कर पाच टक्क्यांवरून अठरा टक्के झाला आणि पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळला.

उपकर आला तेव्हा या जिल्ह्यात पेढे वाटले गेले नाहीत. त्याचा पैसा दुसरीकडे गेला तेव्हा एक मोर्चा निघाला नाही, एक दुकान बंद राहिले नाही, विधानसभेत की लोकसभेत त्याच्यासाठी कुणी बाक वाजवला नाही. का? कारण तो पैसा आपला आहे हे कुणाला माहीतच नव्हते. आपल्या छातीत जाणाऱ्या धुरावर बसवलेला कर, पण त्यातून आपल्या दवाखान्यात, आपल्या पोराच्या प्रशिक्षणात, आपल्या छपरावर काय येणार, हे ना सरकारने सांगितले ना तुमच्यासारख्यांनी विचारले. ज्या धोरणाला राखणदार नसतो त्याचे असेच होते. कुंपण नसलेल्या वावरात कुणाचीही गुरे चरतात. तुम्ही आज नवा कायदा मागता आहात. या जुन्या पैशाचा हिशेब मागणारा एक अर्ज तरी तुमच्यापैकी कुणी केला होता का?

आणि पाठिंबा कसा उभा राहतो हे बघायला लांब जायची गरज नव्हती. आपल्याच राज्याने ते करून दाखवले आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मी ते शिकवले होते, तुम्ही परीक्षेपुरते पाठ केले.

वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तासगाव तालुक्यात ती आधी लहान प्रमाणावर करून पाहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यात बाया फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडणाऱ्या त्या बायांनी संघटनांचे झेंडे धरून मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांपुढे ठाण मांडले. मागणी चार शब्दांत मावत होती, मागेल त्याला काम द्या. १९७५ मध्ये या कामासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याची पायवाट महाराष्ट्रातल्या त्या खडीवरून गेली होती.

तुमची पगारपत्रके काढून बघा. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. तोच हा व्यवसाय कर. पन्नास वर्षे झाली, मुंबईच्या कारकुनाने तो रद्द करा म्हणून रस्ता अडवला नाही. सुरुवातीलाच त्याला सांगितले गेले होते की हा पैसा दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी आहे. आणि गावातल्या बाईला ठाऊक होते की काम नाही मिळाले तर कचेरीत जाऊन बसायचा आपल्याला अधिकार आहे. देणाऱ्याला कारण माहीत, घेणाऱ्याला हक्क माहीत. मधल्या पुढाऱ्याला मग पाठ फिरवणे जड जाते. कोळशाच्या उपकरात यातले एकही नव्हते. तुमच्या निवेदनातही नाही.

परदेशाची उदाहरणे तुम्ही दीड पान भरून दिली आहेत आणि ती सगळी विजयाची आहेत. हरलेल्यांकडून शिकायचे नाही असे कुणी सांगितले तुम्हाला? फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरचा कर वाढवायला निघाले. बस नाही, आगगाडी नाही अशा गावांतली माणसे पिवळी जाकिटे घालून चौकाचौकांत उभी राहिली, आणि डिसेंबरात सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडात कार्बन कर घेऊन बहुतेक कुटुंबांना पैसे परत दिले जात होते. तरी लोकांना पंपावरचा वाढीव दर दिसला आणि खात्यात आलेला पैसा दिसला नाही. १ एप्रिल २०२५ ला तिथल्या ग्राहकांवरचा तो कर गेला.

स्वित्झर्लंडवर मात्र थांबा. तिथे कायदा लोकांच्या मतदानाला टाकता येतो. १३ जून २०२१ रोजी कार्बनचा नवा कायदा मतदानात पडला, विरोधात ५१.६ टक्के. त्यात पेट्रोल-डिझेल महाग होणार होते, विमानाच्या तिकिटावर कर लागणार होता. समर्थक घरी जाऊन लोकांना शिव्या देत बसले नाहीत. दोन वर्षांनी, १८ जून २०२३ रोजी, त्याच मतदारांपुढे दुसरा कायदा आला. ध्येय तेच होते, २०५० पर्यंत निव्वळ शून्य. पण तेल आणि गॅसवर घर तापवणाऱ्या जुन्या यंत्रणा बदलायला दहा वर्षांत २०० कोटी फ्रँक द्यायचे ठरले होते. ५९.१ टक्क्यांनी तो मंजूर झाला. देश तोच, माणसे तीच. मागणाऱ्यांनी मागण्याची रीत बदलली. हे वाचल्यावर "लोकांना कळत नाही" हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका.

ब्रिटनचा २००८ चा हवामान कायदा तुम्ही छातीठोकपणे मांडला आहे. तो कसा आला हे मात्र लिहिले नाही. २००५ पासून तिथल्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी मतदारसंघ-मतदारसंघ धरून खासदारांना गाठले. पत्रे पाठवायला मतदार उभे केले, विरोधी पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरन यांनाही मागणीमागे आणले. म्हणून संसदेत विरोधात मोजकीच मते पडली. आणि २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या नेत्या म्हणाल्या की सत्तेवर आलो तर तो कायदा रद्द करू. पाठिंब्याचे हेही ध्यानात ठेवा. एकदा पेरले म्हणजे झाले असे नसते, दर साली निंदण करावे लागते.

आता राजकारणाकडे येतो, कारण तिथे तुमची चूक सर्वांत मोठी आहे.

पान नऊवर तुम्ही अभिमानाने लिहिले आहे की आमचा गट कुठल्याही राजकारणापासून दूर आहे. मी त्या ओळीखाली तीन रेघा ओढल्या आहेत. संसदेकडून कायदा मागता आणि राजकारणापासून दूर राहता? संसद कुणाची बनली आहे? १९ एप्रिल २०२४ ला या जिल्ह्यात लोकसभेचे मतदान झाले, पहिल्याच टप्प्यात. रणरणत्या उन्हात सभा चालल्या होत्या. तुमच्यापैकी किती जण सभेत उभे राहिलात? किती जणांनी उमेदवाराला विचारले की, वीज केंद्रातले पहिले दोन २१० मेगावॅटचे संच बंद झाले, तेव्हा त्यांच्यावर राबणारा कंत्राटी माणूस कुठे गेला? आज २९२० मेगावॅट उभे आहेत. उद्या त्यातले आणखी म्हातारे संच बंद होतील तेव्हा गेटपास हरवलेल्या माणसाला कोण काय देणार, याचे उत्तर कुणाच्या जाहीरनाम्यात होते? तुम्ही विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितले नाही. पुढारी पाण्यासारखा असतो, उतार असेल तिकडे वाहतो. उतार करणे हे तुमचे काम होते. पाण्याला दोष देऊन तुम्ही घरी बसलात.

सगळे पक्ष सारखेच, असेही एकाने मला ऐकवले. मग सगळ्यांकडे सारखेच जा. ज्या पक्षाची तुम्हाला चीड आहे त्याच्या तालुकाध्यक्षाकडे आधी जा. तुमच्याशी सहमत असलेल्याची सही घेण्यात कसब नाही. वेकोलितल्या संघटनेचा पुढारी तुम्हाला शत्रू वाटतो, कारण तो खाण चालू राहावी म्हणतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते, कारण त्याच्यामागे हजारो कुटुंबे आहेत आणि तुमच्याजवळ त्यांच्यासाठी एक ओळही नाही. कायम नोकरीतल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी आहे, निवृत्तिवेतन आहे. त्याच खड्ड्यात उतरणाऱ्या कंत्राटी मजुराला काय आहे? त्याच्यासाठी मागा. मग बघा, तो पुढारी तुम्हाला खुर्ची देतो की नाही.

पैसा कुठून आणायचा हे विचाराल. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात यावी लागते, लिलावातून दिलेल्यांकडून १० टक्क्यांइतकी. खाणीने बाधित झालेल्या माणसांसाठीच ती आहे. आपल्या जिल्ह्यात तिची कामे कोण ठरवते, यादी कुठे लावतात, घुग्घुसच्या किंवा बल्लारपूरच्या पोराला खाणीबाहेरचे कसब शिकवायला त्यातून किती गेले? हे विचारायला दिल्लीला जावे लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाला शहर बस जाते.

आणि शेतकरी? तुमच्या बारा पानांत तो फक्त बळी म्हणून येतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे जाऊन विचारा त्याला काय हवे आहे. तो उत्सर्जन म्हणणार नाही. तो म्हणेल, दिवसा वीज द्या. रात्री ओलीत करायला गेलेला माणूस वाघाच्या तोंडी जातो हे या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. सौर कृषी वाहिनी आणि सौर पंपांच्या योजना त्याला पटतात त्या याच कारणाने. माणूस संध्याकाळी जिवंत घरी येतो, एवढे त्यांतून मिळते. सूर्याची वीज आणि शेतकऱ्याची झोप एका तारेवर आणता येतात. ज्या धोरणाने एका बाईचा नवरा रात्री घरात झोपतो, त्या धोरणासाठी ती बाई ग्रामसभेत तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलेल. ती तुम्हाला सापडली नाही, कारण तुम्ही 'हितसंबंधी घटक' शोधत होता.

भाषेचे परत सांगतो, कारण यात पूर्वी आपण मार खाल्ला आहे. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला. माहिती अधिकाराची लढाई झाली तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. गाडगीळ सांगत राहिले की हा अहवाल गावागावांत, लोकांच्या भाषेत न्या, ग्रामसभांना ठरवू द्या. तसे झाले नाही. अहवाल इंग्रजीत पडून राहिला आणि घरे पाडणार, शेती बंद करणार या अफवा मराठीत आणि मल्याळममध्ये फिरल्या. ज्यांच्या भल्यासाठी लिहिला होता त्यांतलेच अनेक जण त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले. तुमचे निवेदन त्याच वाटेने निघाले आहे. म्हणून अडवतो आहे.

मी तुमच्यावर का चिडलो ते सांगतो. ज्यांना या विषयाची फिकीर नाही त्यांच्यावर मी शाई वाया घालवत नाही. तुम्हाला फिकीर आहे, आकडे कळतात, दोन भाषा येतात, आणि तुम्ही कोळशाच्या गावची पोट्टी आहात. दिल्लीत बसून कोळशाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. कोळशावर वाढलेल्या पोरांनी, कोळशावर जगणाऱ्या बापाला सोबत घेऊन, आता पुढचे काय असे विचारले तर त्या प्रश्नाला वजन येईल. ते वजन तुमच्याजवळ होते आणि तुम्ही ते बारा पानांच्या परक्या शब्दांत विरघळवून टाकलेत. यात माझाही दोष आहे. प्रदूषणाचा धडा मी विज्ञानाचा म्हणून शिकवला, नागरिकशास्त्राच्या तासाला तो आणला नाही. ती चूक या पत्राने थोडी दुरुस्त करतो आहे.

आता काम सांगतो. येत्या रविवारपासून महिनाभर लिहू नका, ऐका. पहिली पाळी सुटते तेव्हा गेटवर जा, टपरीवर बसा. कंत्राटी कामगाराला विचारा, त्याच्या बायकोला विचारा, धानवाल्याला विचारा, राखेच्या बंधाऱ्याजवळच्या गावातल्या सरपंचाला विचारा. तुमचा बाप घरातच आहे, त्यालाही विचारा. तुमच्यातल्या कितीकांनी हा विषय जेवताना बापासमोर काढलेला नाही, हे मला माहीत आहे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मग दोन पानांचे निवेदन मराठीत लिहा. कुणाकडून काय जाईल आणि कुणाला काय मिळेल हे पहिल्या पानावर येऊ द्या. आमदाराकडे, खासदाराकडे, त्यांच्या विरोधकांकडे आणि कामगार संघटनांकडे एकाच आठवड्यात जा, आणि प्रत्येकाचे उत्तर तारखेसह गावात जाहीर करा.

पहिली सही कंत्राटी कामगाराची घ्या. माझ्या सहीसाठी शेवटच्या पानावर जागा ठेवा. मी घरीच आहे, संध्याकाळी पाचनंतर या.

तुमचा,
सर